मूळ अर्थ : वाईट तारा

गुरुवारी सकाळी ती कोशाच्या कचेरीत पोचली तेव्हा टेबलावर दिवसभराच्या नोंदींची चळत ठेवलेली होती आणि सगळ्यात वर 'डिझास्टर' हा शब्द होता. त्यात विशेष काही नव्हतं. इंग्रजी-मराठी कोशाची नवी आवृत्ती कित्येक महिने डी या अक्षरात रुतून बसली होती. 'डिझायर' नुकताच हातावेगळा झाला होता, 'डिश' अजून यायचा होता. तिने पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवली, डबा खणात सरकवला, चष्मा पुसला आणि जुनी नोंद वाचली. अरिष्ट, आपत्ती, अनर्थ, घोर संकट. आधीच्या पिढीतल्या संपादकांनी एवढ्यावरच भागवलं होतं. नव्या आवृत्तीत शब्दाचं मूळ द्यायचं, बोलण्यातले अर्थ द्यायचे आणि जमलं तर मराठीतला एखादा घरातला, वापरातला शब्दही द्यायचा असं ठरलं होतं. कारण मुख्य संपादक म्हणत, आपला कोश वाचून माणूस अर्ज लिहू शकतो, पण भांडू शकत नाही. ती लिहीत गेली. इटालियनमधून, फ्रेंचमार्गे इंग्रजीत. 'डिस' म्हणजे वाईट, 'अ‍ॅस्ट्रो' म्हणजे तारा. मूळ अर्थ, वाईट तारा. ताऱ्याच्या अवकृपेने ओढवलेलं संकट. मग आजचे अर्थ. पूर, आग, भूकंप. त्याच्यापुढे बोलण्यातला अर्थ, पार फसलेली गोष्ट, मग ती मेजवानी असो की संसार. आणि शेवटी माणसाला लावलेला: जिथे जाईल तिथे विचका करणारी व्यक्ती. तिथे तिचा हात जरासा अडखळला, आणि मराठी शब्दाच्या रिकाम्या जागी, दुसऱ्याच कोणीतरी लिहिल्यासारखा, शब्द उतरला. अवदसा.

समोरच्या टेबलावर बसणाऱ्या तरुण सहकाऱ्याला कचेरीत सगळे स्वल्पविराम म्हणत, कारण तो वाक्याच्या मधे कुठेही थांबायचा आणि पुष्कळदा तिथेच मुक्काम करायचा. तो पाणी प्यायला उठला, जाता जाता तिच्या खांद्यावरून डोकावला आणि हरखून गेला. "ताई, हे, हे भारीच आहे. अव आणि दशा. दशा म्हणजे ग्रहांची दशा. म्हणजे त्यांचा वाईट तारा आणि आपली, वाईट दशा. तंतोतंत! कुठली कुठली माणसं, पण संकटाला नाव द्यायचं म्हटलं की सगळ्यांची मान, वर."

"मान वर काय?"

"वर जाते. आकाशाकडे. म्हणजे आपल्याकडे कोणी बोट दाखवायला नको." तो हसला. "आणि माणसाचा अर्थसुद्धा बसतोय बघा. आमच्या शेजारच्या बाई आल्या की आमची आजी म्हणायची, आली अवदसा! तुमच्या घरी म्हणायचं का कोणी?"

"म्हणायचे," ती म्हणाली. हसायला हवं होतं, पण हसू येईना. इतकी वर्षं ती शब्दांत राहत होती. अरिष्टावरून तिची बोटं शेकडो वेळा फिरली होती, अमंगळ, अपशकुन, करंटा, सगळ्यांचे अर्थ तिने चिमट्यात धरून उजेडात बघितले होते, आणि हा एक शब्द मात्र कधी टेबलावर आलाच नव्हता. की आला होता आणि तिने तो दुसऱ्या कोणाच्या चळतीत सरकवला होता? आता तो तिच्याच अक्षरात तिच्याकडे बघत होता. अक्षर चांगलं होतं. 'द'चा पाय जरा लांब गेला होता, एवढंच.

स्वतःच्या नावाआधी तिला हा शब्द कळला होता. म्हणजे अर्थ नाही, आवाज. काकांच्या घरातल्या लांबट स्वयंपाकघरातून मोठी काकू हाक मारायची, अवदसे, दूध उतू जातंय बघ. अवदसा झोपली का? अवदसेला न्हाऊ घाला गं कोणीतरी. त्यात राग नसायचा. राग असता तर शिवी आहे हे लहान पोरालाही कळलं असतं. काकू तो शब्द रोजच्या आवाजात म्हणायची, भांडं खाली ठेवावं तसा, फक्त जरा मोठ्याने, पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या. त्यामुळे ते आपलं लाडाचं नाव आहे अशी तिची समजूत होती. शाळेच्या पहिल्या दिवसांत बाईंनी एकेकाला उभं करून विचारलं, घरी तुला काय म्हणतात? कोणी बाळ निघाला, कोणी छकुली, कोणी ठमी. तिची पाळी आली तेव्हा तिने उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं. मुलं हसली नाहीत, कारण त्यांना शब्द माहीत नव्हता. बाई हसल्या नाहीत, कारण त्यांना माहीत होता. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग खिडकीकडे बघितलं, आणि म्हणाल्या, बस हं बाळ. बाळ तर तो दुसरा मुलगा होता. आपल्याला त्याचं नाव का दिलं, हे तिला दिवसभर उलगडेना. संध्याकाळी तिने आईला विचारलं. आई शिवणयंत्रावर बसली होती. लोकांचे कपडे शिवून ती त्या घरात आपला आणि मुलीचा भार हलका करत असे. आईचे पाय थांबले. चाक आपल्या वेगाने थोडं फिरलं आणि तेही थांबलं. "काही नाही," आई म्हणाली, "घाईत म्हणतात." आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

मग हळूहळू, जसं ते प्रत्येक घरात कळतं, भिंतीतून झिरपून, अर्धवट वाक्यांतून, कळलं. वडील वीज कंपनीत होते, खांबावर चढून तारा जोडायचे. ती ज्या सकाळी जन्मली त्याच सकाळी खांबावर असताना, बंद केलेला प्रवाह कोणाच्या तरी चुकीने पुन्हा सुरू झाला. चूक कोणाची ते शेवटपर्यंत ठरलं नाही, आणि एकदा चुकीला धनी नाही म्हटल्यावर ती घरातच कोणाच्या तरी पदरात पडायची. ज्या घटकेला पोरगी आली त्याच घटकेला बाप गेला, एवढा हिशेब मांडायला शाळा लागत नाही. "तुझा बाप तारांवर गेला," असं कोणीतरी तिला सांगितलं होतं, आणि कितीतरी दिवस ती समजत होती की ते आकाशातल्या ताऱ्यांवर गेले. गच्चीत अंथरूण घातलं की ती वर बघत पडायची आणि त्यातला कोणता, ते निवडायची. एकदा निवडलेला दुसऱ्या दिवशी सापडायचा नाही. पुढे रस्त्यावरच्या खांबाकडे बघून ज्या दिवशी तिला तार म्हणजे काय ते कळलं, त्या दिवशी तिने वर बघणं सोडलं.

शिकली, नोकरीला लागली, नास्तिक झाली. ग्रह म्हणजे दगड आणि वायू यावर ती कोणाशीही भांडली असती. आणि तरीही स्वल्पविरामाला मुलगी झाली तेव्हा तिने झबली-टोपडी दुसऱ्याच्या हाती पाठवली आणि स्वतः बाळ चांगलं रांगायला लागल्यावर बघायला गेली. कोणाचं ऑपरेशन असलं की ती आदल्या दिवशी भेटून यायची, त्या दिवशी कधी नाही. नव्या घरात पहिलं पाऊल टाकायची वेळ आली की तिच्या चपलेचा बंद हमखास सैल व्हायचा, आणि ती वाकून, सगळे आत जाईपर्यंत, तो बांधत राहायची. हे सगळं ती करत होती असं नाही. ते होत होतं, आणि ती बघत होती. छापखान्यात एक मुद्रितशोधक होता. फार वर्षांपूर्वीची गोष्ट. ती दोघं एकाच पानाचे दोन कच्चे खर्डे घेऊन समोरासमोर बसत, तो वाचायचा, ती तपासायची, आणि वाचता वाचता तो मधेच नसलेलं एखादं वाक्य घुसडायचा, 'आणि बाईंनी आज निळं नेसलं आहे, पूर्णविराम', तिला पकडायला. एक दिवस त्याने तसंच मधे घुसडून लग्नाचं विचारलं. ती हो म्हणाली. त्याच आठवड्यात तो छापखान्यातल्या शिडीवरून पडला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. मोडलेलं हाड जुळलं, पण ती पुन्हा भेटली नाही. त्याने निरोप पाठवले, चिडून पाठवले, विनवून पाठवले. तिच्यापाशी द्यायला कारण नव्हतं, आणि जे होतं ते शिकलेल्या बाईने तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. आता त्याला नातवंडं आहेत. चालताना जरासा लंगडतो, असं ऐकलं होतं.

दुपारी मुख्य संपादक चळत बघायला आले. उभ्याउभ्याच नोंद वाचली, मिशीतल्या मिशीत पुटपुटले आणि खूश झाले. "अवदसा! वा. अहो, हाच तो. आता एक करा, वापराचं वाक्य द्या याला. पुस्तकी नको. घरात खरोखर बोलतात तसं." ती म्हणाली, उद्या देते. ते गेले. तिने पेन उचललं, ठेवलं. वाक्यं तिच्यापाशी शंभर होती. एवढ्या वर्षांत तिच्याकडून पहिल्यांदाच कोणी वापराचं वाक्य मागितलं होतं जे शोधावं लागणार नव्हतं, आणि तेच लिहिता येईना. डोकं दुखतंय असं सांगून ती निघाली. "डोकं, खरंच दुखतंय?" स्वल्पविरामाने विचारलं. ती म्हणाली, हो, पण बहुतेक जुनंच आहे.

घरी मोठी काकू होती. दोन खोल्यांच्या त्या घरात ती चार वर्षं होती. काका गेल्यावर, दादाच्या नव्या जागेचं काम होईपर्यंत म्हणून महिनाभरासाठी आली आणि राहिली. दादा काकूचा एकुलता एक मुलगा. दुसऱ्या शहरात होता, दर रविवारी फोन करायचा, भला माणूस. लोक तिला विचारत, तू कशी गं सांभाळतेस तिला? तुला तिनं काय दिलं? ती खांदे उडवायची. ती अकरा वर्षांची असताना आई गेली, त्यानंतर ताटात वाढलं ते काकूने, आजारपणात उशाशी बसली ती काकू, हेही खरंच होतं. पण तेवढंच खरं नव्हतं. तिने काकूला ठेवून घेतलं त्यात एक हट्ट होता, जो तिने स्वतःलाही कधी स्वच्छ सांगितला नव्हता: बघ, तुझ्या म्हातारपणी मी घरात आहे आणि घर उभं आहे. काकू इथे आल्यापासून तो शब्द एकदाही उच्चारला गेला नव्हता. मागच्या महिन्यात काकू न्हाणीघरात घसरली आणि कचेरीतून ती येईपर्यंत ओल्या फरशीवर पडून राहिली. मग दादाचा फोन आला, शहराबाहेर एक चांगला वृद्धनिवास आहे, नर्स असतात, तू तरी किती करणार. "तुझी आई आहे बाबा, तू ठरव," असं ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला जे वाटलं ते नुसतं हायसं वाटणं नव्हतं. त्यात एक कडू गोडी होती. शनिवारी दादा गाडी घेऊन येणार होता.

काकू खिडकीपाशी खुर्चीत बसून मटार सोलत होती, चालायची काठी मांडीला टेकवलेली. बॅग भरून दाराशी ठेवली होती. "लवकर आलीस ती?" तिने मान वर न करता विचारलं. पुतणी समोर स्टुलावर बसली. शेंगा पुढ्यात ओढून घेतल्या. चार-सहा शेंगा सोलून झाल्यावर म्हणाली, "काकू, एक विचारू?"

"विचार की. परवा जातेच आहे, मग कोणाला विचारशील?"

"तुम्ही मला अवदसा का म्हणायचात?"

काकूचे हात थांबले नाहीत. शेंग उघडली, अंगठा फिरला, दाणे ताटलीत पडले. इतका वेळ गेला की, काकूला आठवतच नाही, असं पुतणीच्या मनात आलं. हे सगळं ओझं एकटीनेच वाहिलं, आणि ज्यांनी डोक्यावर ठेवलं त्यांच्या गावीही नाही? मग तर विचारायलाही जागा उरली नसती.

"मोठ्यानं म्हणायचे," काकू म्हणाली. "आठवतंय मला."

"बाबा गेले म्हणून?"

"लोक म्हणायचे ते त्यासाठी. माझं वेगळं होतं." तिने एक शेंग उघडली, आत कीड होती, बाजूला टाकली. "ते आधी माझं होतं."

"काय तुमचं होतं?"

"ते नाव गं. मी लग्न होऊन त्या घरात आले, त्याच वर्षी तुझ्या आजोबांचा कारखाना बंद पडला. मग माझं पहिलं मूल पोटातच गेलं. दादाच्या आधीचं. मग घराच्या मागची भिंत पडली. जुनीच होती, पडणारच होती, पण मी आल्यावर पडली. तुझी आजी मला त्याच नावानं हाक मारायची. सात वर्षं. परक्या माणसांसमोर, भाजीवाल्यासमोर. तुझ्या काकानं एकदासुद्धा म्हटलं नाही की असं म्हणू नका. दादा झाला तरी सुटलं नाही. आणि मग तू झालीस, आणि तुझा बाप तसा गेला." तिने सालं गोळा करून बाजूला सारली. "तेराव्याच्या आधीच तुझ्या आजीनं तुझ्या पाळण्याकडे बघून तो शब्द म्हटला. तुझ्याकडे बघून. मी दारात उभी होते, हातात पाण्याची कळशी. माझ्यावरून काहीतरी उतरलं, अगदी अंगावरून ओलं कापड काढावं तसं. त्या दिवसापासून मला कोणी तसं म्हटलं नाही."

"आणि तुम्ही मला म्हणायला लागलात."

"सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. म्हटलं, परत फिरून माझ्याकडे यायला नको. सवय राहिली पाहिजे सगळ्यांना, की ते आता तुझं आहे." आवाजात पश्चात्ताप नव्हता, की सारवासारव नव्हती. कुठल्या दुकानातून काय आणलं ते सांगावं तसं ती सांगत होती. "तुझी आजी गेली, मग कोणी म्हणणारं उरलं नव्हतं. तरी माझी जीभ थांबेना. भीती गं. भीती काही माणसाबरोबर जळत नाही."

पुतणीच्या हातातली शेंग तशीच होती. आपल्याला आता दया यायला हवी, हे तिला कळत होतं. दया जवळच कुठेतरी उभी होती, पाहुण्यासारखी, आत बोलावण्याची वाट बघत. पण तिच्या आधी दुसरंच काही दार ढकलून आत आलं. "मी लहान होते," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही मोठ्या होतात."

"हो."

"ते कसं लागतं हे त्या घरात फक्त तुम्हाला माहीत होतं. आणि तरी म्हणायचात."

"हो गं," काकू म्हणाली. पण, मात्र, तेव्हा, त्या काळी, असं काही नाही. तिने ताटली उचलून दाणे हलवले, सगळे सपाट पसरले.

ती उठली आणि बाहेर पडली. कुठे जायचं होतं असं नाही. कोपऱ्यावर चप्पल दुरुस्त करणारा, औषधांचं दुकान, शाळा सुटलेली, रिक्षांची रांग. दुपार कलत होती आणि भिंतींवर उन्हाचे चौकोन तिरपे होत होते. इतकी वर्षं ती समजत होती की तो शब्द तिच्यासाठी तयार झाला, तिच्या मापाने बेतलेला, तिच्या जन्माच्या घटकेवर शिवलेला. आणि तो तर उतरवलेला कपडा निघाला. दुसऱ्या बाईच्या अंगावरचा, अजून ऊब असलेला. तिच्या आधी काकूचा. काकूच्या आधी कोणाचा? आजी तरी तो कुठून घेऊन आली होती? त्या घरात कोणी ना कोणी तो घालून हिंडायलाच हवं होतं, म्हणजे बाकीच्यांना उघड्यावर पडायची भीती नको. आणि तिने त्यासाठी एका माणसाला, ज्याचं फक्त हाड मोडलं होतं, त्याला कारण न सांगता सोडून दिलं. ती एका बसथांब्याच्या बाकावर बसली. शेजारी एक बाई होती, तिने विचारलं, बरं वाटत नाहीये का? ती म्हणाली, राग आलाय. त्या बाईने मान डोलावली, जणू या थांब्यावर सगळे त्यासाठीच बसतात, आणि सरकून तिला जागा करून दिली. राग आलेला होता खरा, पण आयुष्यात पहिल्यांदा तो एका माणसावर आलेला होता. आकाशावर राग धरून माणूस थकतो. तिकडून 'हो' येत नाही. बस आली, बाई गेली. ती बऱ्याच वेळाने उठली आणि घरी जाऊन तिने मटार फोडणीला टाकले. दोघी जेवल्या. मीठ जरा जास्त झालं होतं आणि दोघींनीही ते सांगितलं नाही.

शुक्रवारी कचेरीत गेल्या गेल्या तिने वापराचं वाक्य लिहिलं. अवदसे, दूध उतू जातंय बघ. मुख्य संपादकांनी ते वाचून दाद दिली, अगदी घरातलं आहे हो, ऐकू येतं. मग भुवया जवळ आणून म्हणाले, "पण इथे शिवी वाटत नाही. जवळजवळ लाडानं म्हटल्यासारखं वाटतं. वाचणाऱ्याचा घोटाळा होईल." ती म्हणाली, "होऊ दे, सर. ऐकणाऱ्याचाही होतो." त्यांनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि काही न विचारता सही केली. स्वल्पविराम म्हणाला, "ताई, शेवटी 'मूळ अज्ञात' असं कुठं, लिहावं लागलं नाही ना?" "नाही," ती म्हणाली, "एक पायरी खालचं सापडलं. त्याच्या खालचं नाही."

संध्याकाळी काकूचे केस विंचरून देताना, विरळ झालेल्या पांढऱ्या केसांतून कंगवा हळू ओढत, तिने विचारलं, "नाही गेलात तर?" विचारल्यावर तिलाच नवल वाटलं. राग तर होता तिथेच होता.

"जाऊ दे मला," काकू म्हणाली.

"माझ्यावर रुसून?"

"तुझ्यावर रुसायला मला कोणी हक्क दिला?" काकूने मान थोडी तिरकी केली, कंगवा अडकला होता. "तिथं माझी पाटी कोरी आहे. कोणाची सून नाही, कोणाची आई नाही, काकू नाही. दादानं मला विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं, त्याला वाटलं मी त्याच्यासाठी म्हटलं. मला आपलं बघायचंय, कोरं असल्यावर कसं वाटतं. थोडेच दिवस उरलेत, पण बघायचंय."

शनिवारी दादा आला. गाडीतून उतरताना त्याचा चेहरा अपराधी होता, आणि आपण अपराधी दिसू नये म्हणून तो फार बोलत होता. रस्त्यात गर्दी नव्हती, हवा छान आहे, तिथल्या बागेत बाकं आहेत. काकू मागच्या सीटवर बसली, पुतणी तिच्याशेजारी. गाडी निघाली. एका वळणावर काकूचा तोल गेला आणि तिने पुतणीच्या गुडघ्यावर हात ठेवला. वळण संपल्यावरही तो काही वेळ तिथे राहिला, मग उचलला. वृद्धनिवास साधा होता, लांब बैठी इमारत, धुतलेल्या फरशीचा वास, भिंतीला धरून चालायला दांडी. एक तरुण नर्स चाकाची खुर्ची घेऊन आली. "आजी म्हणू की काकू म्हणू तुम्हाला?" तिने विचारलं. दादा म्हणाला, "आई म्हणा की." "नको," काकू म्हणाली, आणि तिने आपलं नाव सांगितलं. नुसतं नाव. पुतणी चमकली. ते नाव तिला माहीत होतं, रेशनकार्डावर आणि औषधाच्या चिठ्ठ्यांवर तिने ते शेकडो वेळा वाचलं होतं. पण कोणाच्या तोंडून ऐकल्याचं तिला आठवेना. तोंडातून निघाल्यावर ते लहान, उजळ, जवळजवळ अल्लड वाटलं. नर्सने ते लगेच उचललं, त्याला ताई जोडलं आणि खुर्ची वळवली. दाराशी काकूने हात वर केला, दोघांना मिळून एकच, आणि ती आत गेली. ती मागे वळून बघेल असं वाटून दोघं बराच वेळ तिथे उभी राहिली.

परतताना ती पुढे, दादाच्या शेजारी बसली. शहराची घरं दिसू लागली तेव्हा तो रडायला लागला, आवाज न करता, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मोठी माणसं गाडी चालवताना रडतात तसा, समोर बघत. मग म्हणाला, "तुला सांगतो, मला लहानपणी तुझा हेवा वाटायचा. आईचं सगळं लक्ष तुझ्यावर. सारखी तुलाच हाका मारायची. मला कधी एवढ्या हाका मारल्या नाहीत तिनं. फार जीव होता तिचा तुझ्यावर, नाही?"

तिने त्याच्याकडे बघितलं. कानाजवळचे केस पिकले होते, हनुवटीवर दाढी करताना राहिलेला एक पट्टा होता. तो त्याच घरात, त्याच जेवणाच्या पंगतीला बसला होता, त्याच हाका त्याच्याही कानांवर पडल्या होत्या, आणि त्याला त्यात जीव ऐकू आला होता. हो म्हणून टाकणं सोपं होतं. आईने म्हटलं होतं तसं, काही नाही, घाईत म्हणायची, असंही म्हणता आलं असतं. तोंडात ते तयारच होतं, पिढीजात. पुढे रस्त्याच्या कडेला दोन-तीन झाडं होती, सावलीत एक ट्रक उभा होता.

"दादा, गाडी बाजूला घे," ती म्हणाली.

"का? मळमळतंय?"

"नाही. तुला सांगायचंय. बसून सांगण्यासारखं आहे."

त्याने गाडी झाडाखाली घेतली. ट्रकचा ड्रायव्हर टपावर बसून दोरी आवळत होता, त्याने एकदा बघितलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. दादाने बाहीने डोळे पुसले, तिच्याकडे वळला, जरा घाबरून. ती स्वतःपासून सुरुवात करणार होती, तोंड उघडलंही तिने. पण जे आधी घडलं ते आधी सांगायला हवं होतं.

"तुझ्या आधी तुझ्या आईला एक मूल होणार होतं," ती म्हणाली. "तू नव्हतास, मी नव्हते, तेव्हापासून ऐक."

दादाने इंजिन बंद केलं.